दोन पाण्यांची सोयरीक

माझं सासर एका धरणाच्या काठावर आहे आणि माहेर दुसऱ्या. मध्ये डोंगर, घाट, आणि दोन्हीकडच्या नद्या वेगळ्या. सासरचं पाणी माहेरच्या पाण्याला कुठेच भेटत नाही. भेटायचं ते वर्षातून एकदा, आमच्या घरच्या तांब्याच्या कळशीतून. ती कळशी ओतण्याचा मान माझा होता, आणि त्या मानानं मी चांगली फुगून जायचे, हे आधीच सांगून टाकते.

सासरच्या गावाला धरणानं एका बाजूला टाकलंय. रस्ता नाही असं नाही. आहे, पण तो डोंगराला वळसा घालून हरसूलच्या बाजूनं येतो, आणि त्या रस्त्यानं सातपूरच्या कंपनीतली पहिली पाळी गाठायची तर आदल्या दिवशीच निघायला हवं. म्हणून बोट. बोट आमच्या घरची. सासऱ्यांनी सुरू केली, त्यांच्यामागे हे चालवतात. सकाळी दुधाच्या किटल्या आणि टोमॅटोचे कॅरेट घेऊन समोरच्या काठाला जायचं, तिथे पिकअप उभ्या असतात. येताना सिमेंट, गुरांची ढेप, गॅसच्या टाक्या, शाळेचे मास्तर आणि कधी कुणाच्या नव्या सुनेचं कपाट.

त्या बोटीची रोजची गिऱ्हाईक मी. सातपूरला एका कंपनीत इलेक्ट्रिक पॅनलचं वायरिंग करायचे. लाल, पिवळी, निळी वायर जिथली तिथे बसवायची, स्क्रू आवळायचा, टोकाला नंबरची टोपी घालायची. दिसायला किरकोळ काम, पण एक वायर चुकली की अख्खं पॅनल जळतं. माझ्या हातचं पॅनल कधी परत आलं नाही. लग्नाच्या बैठकीत मी एकच अट घातली होती, नोकरी सोडणार नाही. पुरुष मंडळी एकमेकांकडे बघायला लागली तेव्हा सासूबाईंनीच आतून सांगितलं होतं, "बोट आपली हाय. जाईल की पोरगी." त्या एका वाक्यावर मी त्या घरात आले.

आता कळशीचं. आमचं धरण लहान. त्यातलं पाणी शहरासाठी सोडतात, त्यामुळे चैत्र लागला की तळ दिसायला लागतो. मग गाव तळातल्या पायवाटेनं पायी पलीकडे जातं आणि बोट बिनकामाची होते. माहेरचं धरण मोठं, ते उन्हाळ्यातही भरलेलं. तिथे पलीकडच्या काठावर उन्हाळ कांदा निघतो आणि त्या शेतकऱ्यांनाही रस्ता लांब पडतो. म्हणून दर उन्हाळ्यात आमची बोट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढून घाट उतरायची आणि पावसाळ्याच्या तोंडापर्यंत माझ्या माहेरच्या पाण्यात कांद्याच्या गोण्या वाहायची. त्या कमाईवर वर्षाचं डिझेल आणि दुरुस्ती. ती नसेल तर आमच्या गावच्या दुधावर बोट चालत नाही.

पण बोट नव्या पाण्यात नुसती सोडायची नाही. जुन्या पाण्याची कळशी सोबत न्यायची आणि बोट सुटण्याआधी नव्या पाण्यात ओतायची. म्हणजे दोन पाण्यांची सोयरीक होते, आणि सोयऱ्याच्या बोटीला पाणी बुडवत नाही. सासूबाई हे कधी समजावून सांगत बसल्या नाहीत. त्यांना गरज नव्हती. एका उन्हाळ्यात घाईघाईत कळशी घरीच राहिली, आणि त्याच उन्हाळ्यात सासरे वावटळीत सापडून बोटीवरून पडले. माझ्या माहेरच्या लोकांनी जाळी टाकून त्यांचा देह बाहेर काढला. मी तेव्हा लहान होते, काठावर उभी होते. पुढे त्याच घरात सून म्हणून येईन हे काही तेव्हा माहीत नव्हतं. सासूबाईंनी मला पसंत केलं त्यात माझ्या रंगरूपाचा भाग किती आणि मी त्या पाण्याच्या गावची असण्याचा किती, हे मी त्यांना कधी विचारलेलं नाही. सासूबाईंना मी आत्या म्हणते.

जुन्या बोटीचा तळ गंजून चाळणी झाला तेव्हा ह्यांनी निफाडच्या बाजूला नदीवरची एक वापरलेली बोट घेतली. ती यायची त्या दिवशी आत्यांनी बजावून ठेवलं होतं, तिथलं पाणी घेऊन ये. हे डबाभर पाणी घेऊन आले, आणि त्या पाण्यात तरंगणारं एक झाड. हिरवीगार फुगीर देठं, वर जांभळ्या फुलांचा तुरा. नदीत नुसता गालिचा होता म्हणे, बोट काढता काढता हातात आलं. आत्या हरखल्या. नवी सून यावी आणि तिच्या पदराला फूल असावं, इतकं त्यांना ते आवडलं. त्यांनी बोटीला हळदकुंकू लावलं, पाणी ओतलं आणि ते झाड दोन्ही हातांनी आमच्या धरणात सोडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, फोटोही काढला. तो अजून माझ्या फोनमध्ये आहे.

आमच्याकडे डोंगरात पाणवेल कुणी पाहिलेली नव्हती. गोदावरीच्या खालच्या अंगाला ती माजते, पेपरात फोटो येतात, पण पेपरातलं ते हिरवं मैदान आणि आत्यांच्या हातातलं ते गोजिरवाणं फूल एकच, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. शिवाय बोटीच्या पोटात, कडेला बांधलेल्या टायरांत, इंजिनाच्या पंख्याला जे काही चिकटून आलं असेल ते वेगळंच. पावसाळ्यात बोट लागते त्या काठाला दोन-चार गुच्छ दिसायला लागले. बायका फुलं तोडून डोक्यात घालायच्या. दिवाळीला देवळामागची खाडी झाकली गेली. संक्रांतीच्या सुमाराला समोरचा काठ आणि आमचा काठ यांच्यामध्ये पाणी कमी आणि वेल जास्त, अशी गत झाली.

त्या थंडीत एका सकाळी बोट अडकली. धुकं होतं. आम्ही निम्म्यात असताना वारा फिरला आणि वेलीचा अख्खा पट्टा सरकत आमच्यावर आला. पंख्यात मुळं गुंतली, इंजिन घोगरं झालं आणि बंद पडलं. मागे बघावं तर आलो ती वाट मिटलेली. पुढे हिरवं, बाजूला हिरवं. जमीन असती तर उतरून चालत गेलो असतो, पाणी असतं तर वल्ही मारली असती. ते दोन्ही नव्हतं. किटल्यांच्या मधे फळीवर बसून मी कंपनीची बस जायची वेळ होताना बघत राहिले. फोनला रेंज नाही. सूर्य वर आला, धुकं गेलं, आणि समोरच्या काठावर उभ्या पिकअप स्वच्छ दिसायला लागल्या. हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या जवळ, आणि जायला मात्र वाट नाही. मला तेव्हा भीती वाटली नाही, राग आला. मी एका वाक्यावर ह्या घरात आले होते आणि ते वाक्य आता वेलीत अडकून पडलं होतं.

ह्यांनी कोयता घेतला आणि बोटीच्या टोकाला पालथं झोपून वेल तोडायला सुरुवात केली. तोडलेले तुकडे बाजूला सरायचे आणि हळूहळू मोकळ्या पाण्याकडे वाहायला लागायचे. मी म्हटलं, "अहो, तुकडे सोडू नका, आत टाका. एकेक तुकडा धरतो म्हणतात."

"आत कुठं टाकू, तुझ्या डोक्यावर?" हे म्हणाले. "आधी निघू दे इथून."

खरंही होतं. बोट निघाली पाहिजे होती आणि बोट निघाली की वेल पसरणार होती. दुपारी वारा पुन्हा फिरला तेव्हा सुटलो. दूध फाटलं, डेअरीनं परत पाठवलं. कॅरेटमधले टोमॅटो उन्हानं मऊ पडले. माझी पाळी बुडाली. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरला मी खरं कारण सांगितलं तर तो हसला. म्हणाला, "मॅडम, ट्रॅफिक म्हणा, पंक्चर म्हणा. वेलीत अडकले म्हणे." लाइनवरच्या मुली आठवडाभर मला जलपरी म्हणत होत्या.

गावात बैठक झाली. निम्मं गाव म्हणालं, वेल निघेपर्यंत बोट बंद ठेवा, तीच तोडते आणि तीच पसरवते. निम्मं म्हणालं, बोट बंद ठेवली तर दूध काय डोंगरावरून गडगडत नेणार? शेवटी बांबू बांधून बोटीपुरती एक गल्ली राखायची आणि बाकीची वेल हातानं ओढून काठावर वाळत टाकायची असं ठरलं. वेल ओढायला सगळ्यात आधी आत्या उतरल्या आणि सगळ्यात शेवटी बाहेर आल्या. रोज. हातापायांना खाज सुटून चट्टे उठले तरी. त्यांना कुणी काही बोललं नव्हतं. हे म्हणायचे, बोटीच्या पंख्यातूनच आलं असणार, झाडाचं काय घेऊन बसलात. आत्या ऐकून घ्यायच्या आणि सकाळी पुन्हा कमरेइतक्या पाण्यात. मला त्यांची दया यायची आणि चीडही यायची, दोन्ही एकदम.

होळी झाली आणि माझा थोरला भाऊ घाट चढून आमच्याकडे आला. दादा मासेमारी करतो, वडिलांनंतर माहेरच्या मच्छीमारांत त्याचा शब्द चालतो. नेहमी आला की आधी आत्यांच्या पाया पडतो, मग मला चहाचं फर्मान सोडतो. त्या दिवशी ओट्यावरच उभा राहिला. काठावर वाळत पडलेले वेलीचे ढीग त्यानं येताना पाहिले होते.

"दाजी, राग मानू नका," तो ह्यांना म्हणाला. "औंदा बोट आणू नका आमच्याकडं."

"कांदावाले माझ्या नावानं बसलेत," हे म्हणाले. "त्यांना काय सांगू?"

"त्यांना मी सांगतो. तुमची वेल आमच्यात आली तर जाळं टाकायला जागा राहणार नाय. खालच्या अंगाला आमचे पावणे हायेत, त्यांची जाळी घरात टांगलीत. माणसं रंगकामाला जातात." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "पोरगी आमची हाय, तिला कवाबी घेऊन या. बोट नको."

दादा चहा न घेता गेला. हे बोटीकडे बघत शांतपणे म्हणाले, "इकून टाकतो." त्र्यंबकच्या रस्त्याला पाण्याकाठी नवं रिसॉर्ट होत होतं, त्यांचा माणूस आधीच विचारून गेला होता. मी विचारलं, "मग पावसाळ्यात धरण भरलं की मी कामाला कसं जायचं?" हे उठून काठाकडे निघून गेले. तेच उत्तर होतं. बोट माहेरी नेली तर माहेरचं पाणी जाईल, नाही नेली तर माझी नोकरी. दोन्हीकडे माझंच काहीतरी जात होतं आणि निर्णय मात्र माझ्याकडे कुणीच मागत नव्हतं. मला तेव्हा सगळ्यांचा संताप आला, दादाचासुद्धा.

रविवारी मी एकटी माहेरी गेले. दादाशी भांडले. भांडून झाल्यावर विचारलं, "बोट अशी साफ करून आणली की तिच्यात मुळाचा धागा राहणार नाय, तर?"

"तू करशील साफ?"

"माझ्या हातचं पॅनल परत येत नाही," मी म्हटलं. त्याला पॅनल म्हणजे काय ते नीट माहीत नव्हतं, पण तो हसला, आणि मग एकेक गोष्ट सांगत गेला. वेल उन्हात मरते, पण तिचं बी मरत नाही. खसखशीएवढं असतं आणि चिखलात लपतं. म्हणून नुसतं वाळवून भागायचं नाही, चिखल खरवडून काढायचा. टायर आणायचे नाहीत, त्यांच्या पोटात पाणी राहतं. जुने दोर जाळायचे. इंजिनाच्या नळीतून उकळतं पाणी सोडायचं. फळ्या उचकटून खालची फट बघायची. आणि आणल्यावर तो स्वतः तपासणार, काही सापडलं तर ट्रॉली तिथूनच परत.

मग सुरू झाला वाळवणाचा जाच. तळ उघडा पडल्यावर बोट खडकावर ओढून उपडी घातली. ऊन असं की पत्र्याला हात लावला की चटका बसावा. कामावरून आले की मी खराटा आणि खुरपं घेऊन बोटीखाली शिरायचे. आत अंधार, भट्टीसारखी धग, आणि सांध्यासांध्यात काळा चिखल. हे फळ्या उचकटून द्यायचे आणि वर टोमणा मारायचे, "क्वालिटीवाल्या मॅडम आल्या." तिकडे कांदावाल्यांचे फोन यायचे. कांदा काढून शेतात पडलाय, कधी येता? एखादा म्हणायचा, ट्रॅक्टर बघतो मग. हे मला म्हणायचे, "झाली की आता साफ. वाळून कोळसा झालीय." मी म्हणायचे, अजून नाही. त्यांची घाई मला कळत होती. रोज एक दिवस जात होता आणि तो परत येणार नव्हता. पण एक सांधा राहिला आणि त्यातून माझ्या वडिलांच्या पाण्यात ते जांभळं फूल उगवलं, तर मी माहेरी कुठल्या तोंडानं जायचं? रात्री अंगाला चिखलाचा वास यायचा. बाहेर सगळं धरण कोरडं पडलेलं, कुठेही चालत जाता येईल असं, आणि मला मात्र उपड्या बोटीखालून बाहेरच पडता येत नव्हतं.

आत्या यात कुठेच नव्हत्या. त्या लांबून बघायच्या, पाणी तापवून द्यायच्या, आणि काही बोलायच्या नाहीत. मला वाटलं, लाजल्यात. मी माझ्या साफसफाईत इतकी बुडाले होते की त्या गप्प का आहेत हे विचारायचं सुचलं नाही.

बोट घाट उतरली त्या दिवशी मी रजा टाकली होती. माहेरच्या काठावर दादा आणि चार मच्छीमार उभे होते. दादानं चपला काढल्या आणि ट्रॉलीवर चढला. फळ्यांखाली हात घातला, सांध्यांतून बोट फिरवलं, इंजिनाच्या पंख्यामागे वाकून बघितलं, नवा दोर हुंगला. मी त्याच्या हाताकडे बघत उभी. परीक्षेच्या निकालालाही मला असं झालं नव्हतं. शेवटी तो खाली उतरला आणि लुंगीला हात पुसत म्हणाला, "साफ हाय. घरातलं ताट असं साफ नसतं." ह्यांनी माझ्याकडे बघितलं. टोमणा नव्हता, हसू होतं. मला रडूच यायला लागलं. वाटलं, सुटलो. सगळेच सुटलो.

तेवढ्यात आत्या ट्रॅक्टरवरून उतरल्या. पदराखाली कळशी होती. घाटभर त्यांनी ती मांडीवर धरली होती, तोंडाला फडकं बांधून. त्या माझ्यासमोर आल्या आणि दर वर्षीसारखी त्यांनी ती माझ्यापुढे धरली.

मी फडकं सोडून आत बघितलं. पाणी नितळ होतं. तळाशी मात्र बोटभर गाळ बसला होता. धरणाच्या तळाला उरलेल्या डबक्यातून दुसरं काय मिळणार?

"आत्या, हे नाही ओतता येणार," मी म्हटलं.

"फडक्यानं गाळून घेतलंय."

"बी फडक्यातून जातं. गाळ बघा ना."

दादा पुढे आला, पण मी त्याला हातानं थांबवलं. हे माझं होतं. मी म्हटलं, उकळून घेऊ, इथेच चूल पेटवू, उकळलं की बी मरेल, मग गार करून ओतू. आत्यांनी मान हलवली. "उकळलं की मेलं ते पानी. मेल्या पान्याची सोयरीक कोण धरतं?" त्यांचा आवाज चढला नव्हता. त्या माझ्या खांद्यावरून मागे बघत होत्या, जिथे खूप वर्षांपूर्वी जाळी ओढली गेली होती तिकडे. "एकदा इसरली व्हती," त्या म्हणाल्या. "तुला ठावं हाय. तू इथंच व्हतीस."

मी तिथेच होते. मी त्यांना बियाणं, चिखल, मुळं, सगळं समजावू शकत होते आणि त्यांना ते कळतही होतं. वेल ओढून ओढून त्यांच्या हातांना अजून चट्टे होते. माहीत असूनही त्या कळशी घेऊन आल्या होत्या, कारण एका बाजूला धरण होतं आणि दुसऱ्या बाजूला त्यांचा एकुलता एक मुलगा. मी ह्यांच्याकडे बघितलं. वाटलं, हे म्हणतील, आई, काही होत नाही, चल बाजूला. हे बोटीच्या दोराशी खेळत राहिले. मोठा माणूस, पोहण्यात पटाईत, पण वडील गेले तेव्हा तोही त्या बोटीत होता. मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं की हेही घाबरलेत. पलीकडच्या काठावर गोण्यांची थप्पी दिसत होती आणि माणसं हात हलवून बोलवत होती.

आत्यांनी कळशी छातीशी ओढून घेतली. "बरं. नको वतू," त्या म्हणाल्या. "मग तू बस बोटीत. तू ह्या पान्याची लेक हायेस. तुला न्यायचं नाय ते. तू असली म्हंजे त्यालाबी न्यायचं नाय."

"आज बसते की," मी म्हटलं. मला वाटलं, एवढ्यावर सुटलं.

"आज नाय. बोट हितं हाय तवर. परत्येक खेपेला."

मी हसले. कुणीच हसलं नाही. दादाच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव होता. मच्छीमार मान डोलवत होते, की हे बरं झालं, म्हातारीचा शब्दही राहिला आणि पाणीही राहिलं. मी म्हटलं, "आणि माझी ड्युटी?" हे दोर सोडता सोडता म्हणाले, "उन्हाळ्यापुरतं तर हाय. बघू की पुढं." इतक्या मऊ आवाजात ते माझ्याशी क्वचित बोलतात. त्या मऊपणाचाच मला सगळ्यात जास्त राग आला. मी बोट वाचवली ती कशासाठी, हे त्या काठावर मला सोडून कुणालाच आठवत नव्हतं. आणि मी "नाही" म्हटलं असतं तर? आत्यांनी ती कळशी ओतली असती. रोखलं असतं तर त्या रोज काठावर बसून जीव टांगणीला लावून राहिल्या असत्या, आणि एखाद्या दिवशी खरंच वावटळ आली असती तर जन्मभर दोष कुणाच्या माथी बसला असता? मी चपला हातात घेतल्या आणि बोटीत बसले, पुढच्या फळीवर.

आत्यांनी भरलेली कळशी तशीच मांडीवर घेऊन घाट चढून परत नेली, वर पोचेपर्यंत तिच्या तोंडावर हात ठेवून. एक थेंब सांडू दिला नाही.

कंपनीत मी आजारपण कळवलं. मग आजारपण संपेना तेव्हा सुपरवायझरनं फोन करून सांगितलं की लाइनवर दुसरी मुलगी घेतली आहे, वाईट वाटून घेऊ नका. त्याचा आवाज चांगला होता. मी गोण्यांवर बसून तो फोन ऐकला. पाऊस पडून आमचं धरण भरल्यावर बोट घरी आली, सकाळी समोरच्या काठाला जायला लागली, आणि मीही दोन-तीन कंपन्यांच्या दारात जाऊन आले. सगळ्यांनी एकच विचारलं, उन्हाळ्यात सुट्टी लागणार नाही ना? मला खोटं बोलता आलं नाही. वायर कापायचा चिमटा माझा स्वतःचा होता, तो ह्यांनी बोटीच्या पेटीत टाकलाय, इंजिनाच्या कामाला येतो म्हणून.

माहेरचं पाणी अजून स्वच्छ आहे. काठाकाठानं जाताना मी तळ बघत बसते, एकही जांभळा तुरा नाही. सासरची वेलही बायकांनी बरीच हटवली आहे. लोक मला भेटून सांगतात, पोरीनं दोन्ही घरं राखली, आणि ते खरंच सांगत असतात. यंदा चैत्रात बोट पुन्हा वाळवली, खरवडली, दादानं पुन्हा हात घालून तपासली. कळशी मात्र आत्यांनी आणली नाही. ती आता घरी फडताळात पालथी असते. बोट पाण्यात ढकलल्यावर हे इंजिन चालू करत नाहीत, आत्या काठावरून हलत नाहीत, आणि दादा दोर धरून उभा राहतो. सगळे माझ्याकडे बघत असतात. मी जाऊन पुढच्या फळीवर बसले की दोर सुटतो.